पेशीला ऑक्सिजनची टंचाई कळते कशी?

मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन उतरू लागले, की घरात खजूर, बीट, पालक सुरू होतो. पण इथे दोष केवळ लोहाचा नसतो. तांबड्या पेशी तयार करा, असा निरोप अस्थिमज्जेला देणारे एरिथ्रोपोएटिन (ईपीओ) हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते. मूत्रपिंड थकले, की हा निरोपच अपुरा पडतो. (शिवाय बीट-पालकात पोटॅशियम भरपूर असते, या रुग्णांनी ते डॉक्टरांना न विचारता वाढवू नये.)

ईपीओ केव्हा बनवायचे, हे ऑक्सिजनच्या पातळीवरून ठरते. त्यासाठीची पेशीतली व्यवस्था वरवर पाहता उधळपट्टीचीच वाटते. ‘हिफ’ कुळातील प्रथिने पेशी सतत तयार करते आणि काही मिनिटांत मोडून टाकते. ऑक्सिजन पुरेसा असला, की एक विकर तोच ऑक्सिजन वापरून हिफवर रासायनिक खूण करते. ती खूण ओळखून ‘व्हीएचएल’ हे दुसरे प्रथिन हिफला पकडते आणि मोडीत काढायला लावते. ऑक्सिजन घटला, तर खूण होत नाही. हिफ साठते, केंद्रकात शिरते आणि ईपीओची, नव्या रक्तवाहिन्यांची, ऑक्सिजनशिवाय साखरेतून ऊर्जा मिळवण्याची जनुके चालू करते. उत्पादन आधीपासून सुरूच असते. फक्त मोडतोड थांबते. म्हणूनच सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहला पोहोचलेल्या प्रवाशाच्या रक्तात ईपीओ काही तासांतच वाढू लागते. तांबड्या पेशी वाढायला मात्र आठवडे लागतात.

या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. केलिन यांची वाट कर्करोगातून आली होती. काही कुटुंबांत व्हीएचएलचे जनुक जन्मतःच सदोष असते. अशा पेशींत हिफला पकडणारेच कोणी उरत नाही. ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते, नव्या रक्तवाहिन्या मागवते, आणि मूत्रपिंडात गाठी होतात. अशा रुग्णांसाठी हिफ-२ ला रोखणारे बेलझुटिफॅन हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाले.

रक्तक्षयावरचा उपाय नेमका उलटा आहे. खूण करणारे विकर रोखले, की हिफ टिकते आणि शरीर स्वतःच ईपीओ बनवू लागते. चीनने २०१८ मध्ये रोक्साडुस्टॅटला, भारताने २०२२ मध्ये डेसिडुस्टॅटला परवानगी दिली. इंजेक्शनऐवजी गोळी, ही सोय मोठीच. पण हिफबरोबर रक्तवाहिन्यांची जनुकेही जागी होतात. त्यामुळे कर्करोगाच्या रुग्णांना या गटातली औषधे देताना डॉक्टर हात आखडता घेतात आणि रक्ताच्या गुठळ्यांवरही लक्ष ठेवतात.