जॅक का रुततो?

परभणीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जॅक लावला, की गाडी वर येण्याऐवजी जॅकच रुततो. समजा, 300 किलो भार जॅकच्या 100 चौरस सेंटिमीटर बैठकीवर आला, तर दर चौरस सेंटिमीटरवर 3 किलो. खाली 30 सेंटिमीटर लांबी-रुंदीची जाड फळी ठेवली, तर दाब नवव्या हिश्श्याइतका उरतो. तरीही आपण शक्यतो सपाट, टणक जागाच निवडू. हँडब्रेक ओढू, तिरप्या समोरच्या चाकाला पुढेमागे दगड लावू. नट चाक टेकलेले असतानाच सैल करू. अधांतरी चाक पान्याबरोबर फिरते. नवे चाक बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळू, गाडी उतरवून पुन्हा घट्ट करू. जॅकवरच्या गाडीखाली मात्र कोणीही शिरायचे नाही! मुलांना दाब शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.