शिखरावरची ड्यूटी

म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा आहे. तिथून हिंगोली सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर. म्हैसमाळची उंची समुद्रसपाटीपासून १,०६७ मीटरच्या आसपास, तर हिंगोलीचे पठार साडेचारशेच्या घरात. उंचीतल्या फरकाचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की टीव्हीची लहर किती किलोमीटरवर क्षितिजाआड जाते ते कळते. इथे उत्तर येते शंभराच्या जरा पुढे. मनोऱ्याची उंची धरली तरी हिंगोली पलीकडेच राहते. अशा आडबाजूच्या गावांना टीव्ही दिसू लागला तो ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह सोडल्यानंतर, छोट्या क्षमतेच्या प्रक्षेपकांमुळे.

उपग्रहाआधी मात्र डोंगराला पर्याय नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्यासाठी सिंहगडावरून प्रक्षेपण होऊ लागले. जिथून लहर लांब जाते, तिथेच वारा, ढग आणि वीज आधी पोचतात. तिथे कुणाला तरी राहावे लागते.

या राहण्याची परिसीमा अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये, माउंट वॉशिंग्टनवर झाली. उंची जेमतेम १,९१७ मीटर, पण १२ एप्रिल १९३४ रोजी तिथल्या वेधशाळेने ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला. १९५४ मध्ये डब्ल्यूएमटीडब्ल्यू या वाहिनीने तिथे प्रक्षेपक बसवला. तंत्रज्ञ शिखरावरच मुक्काम करून पाळी संपवत. हिवाळ्यात वर जायचे ते बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीने. शून्याखाली थंड होऊनही न गोठलेले धुक्याचे थेंब लोखंडाला टेकताक्षणी बर्फ होतात, आणि तो थर वारा येतो त्या बाजूलाच वाढत जातो. वजन वाढते, अँटेनाचा तोल ढळतो. इंग्लंडमधल्या एमली मूरचा ३८५ मीटरचा मनोरा १९ मार्च १९६९ रोजी बर्फ आणि वाऱ्याच्या हेलकाव्यांनीच कोसळला.

मार्टी एंगस्ट्रॉम हे इंजिनिअर १९६४ पासून २००२ पर्यंत माउंट वॉशिंग्टनवर होते. प्रक्षेपक सांभाळता सांभाळता ते शिखरावरूनच हवामानाच्या बातम्याही देत, म्हणून प्रेक्षकांना त्यांचा चेहरा ठाऊक झाला. बहुतेक ड्यूटीवाल्यांच्या वाट्याला एवढेही येत नाही. वाहिनीने शिखर सोडले आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००३ मध्ये, आगीत तिची जुनी इमारत आणि वीजनिर्मितीची खोली जळाली. शेजारची वेधशाळा भर हिवाळ्यात विजेवाचून उघडी पडली.

आपल्याकडे बर्फ नाही. पावसाळा हाच हिवाळा. सिंहगडावर ढग गड गिळून बसतात. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या जाड फीडर केबलमध्ये ओल शिरू नये म्हणून तिच्यात कोरडी हवा दाबाखाली भरून ठेवतात. दाब उतरला, पाणी शिरले, की शक्ती वर जाण्याऐवजी उलटी परतते आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडते. मराठवाड्यात त्याहून भय विजेचे, वळवाच्या दिवसांत तर फारच. वीज जमिनीत सुखरूप उतरावी लागते, पण डोंगरमाथ्यावर काळा बसाल्ट. तो कोरडा असला की अर्थिंग नीट मिळतच नाही. मग खोल खड्डे घ्यायचे, मीठ-कोळसा भरायचा, तांब्याच्या पट्ट्या दूरवर न्यायच्या, उन्हाळ्यात खड्ड्यांना पाणी घालायचे आणि रोध पुन्हा पुन्हा मोजायचा. प्रेक्षकाला यातले काही दिसत नाही. चित्र गेले तरच मनोरा आठवतो!

हे ज्ञान पुस्तकांत थोडे आणि हातांत जास्त आहे. प्रसार भारतीने मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक वगळता जुने अॅनालॉग प्रक्षेपक बंद करायचे ठरवले. यंत्र कालबाह्य होणे मला समजते. पण ड्यूटीच्या लॉगबुकांत प्रक्षेपकाचे आकडे, बिघाड, वीज पडल्याच्या वेळा असतात. डोंगरांवरच्या अनेक वर्षांच्या पावसाळ्यांची ती नोंद आहे. ती रद्दीत जाण्याआधी विद्यापीठांनी मागून घ्यावी, आणि ज्यांनी ती लिहिली त्या निवृत्त तंत्रज्ञांना शेजारी बसवून वाचून घ्यावी.