घरच्या तबकड्या आणि विजेचा सूर



गिरगांव-दादरच्या पुष्कळ घरांतून कपाटाच्या तळाशीं ग्रामोफोनच्या तबकड्या अद्यापि जपून ठेवलेल्या आढळतात. १९५५-५६ सालीं पुणें आकाशवाणीवरून प्रसारित होऊन पुढें तबकड्यांवर आलेलें गीतरामायण, नाट्यगीतें, ख्यालगायन, असा हा ठेवा असतो. काळा घोडा येथील रिदम हाऊस २०१६ सालीं बंद झालें. हल्लीं अनेक गृहस्थ आपल्या तबकड्या संगणकावर उतरवून घेऊं लागले आहेत. परंतु उतरविलेलें गाणें ऐकावयास बसावें, तों गायकाच्या स्वरामागें अखंड घूं-घूं असा आवाज! गाणें उतरवून झालें कीं मूळ तबकडी पुष्कळदां कोणास तरी देऊन टाकली जाते. मग तो दोष त्या गाण्यास कायमचा चिकटतो. म्हणून त्याचें मूळ आधींच शोधलें पाहिजे.

हा आवाज येतो कोठून? आपल्या घरांतील वीज सेकंदाला ५० आंदोलनें करते. तिचा प्रभाव ध्वनीच्या तारांवर पडला कीं ५० किंवा १०० आंदोलनांचा खर्ज ऐकूं येतो. सुईपासून निघणारा प्रवाह फार क्षीण, म्हणजे सामान्यतः व्होल्टचे कांहीं हजारांश इतकाच असतो. शिवाय तबकडी कोरतांना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात आणि वाजवितांना ते पुन्हां वाढवावे लागतात. १९५४ पासून रूढ झालेल्या प्रमाणानुसार १००० आंदोलनांच्या स्वराच्या मानानें ५० आंदोलनांचा स्वर सुमारें सातपट वाढविला जातो. त्यामुळें कॅसेट लावतांना जो दोष जाणवत नाहीं, तोच तबकडी लावतांना ठळक होतो.

आतां परीक्षेकडे वळूं. शाळेंतील प्रयोगाचा नियम येथेंही लागू आहे: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी.

प्रथम तबकडीचें चाक बंद ठेवून व सुई उचलून ऐकावें. तरीही आवाज येत असेल, तर दोष विजेचा. चाक सुरू करतांच आवाज येऊं लागला, तर मोटर किंवा तिच्या तारा संशयास्पद. सुई फिरत्या तबकडीवर टेकल्यावरच घुमूं लागलें, तर तो चाकाचा किंवा फळीचा कंप समजावा, अथवा तो तबकडींतच मुद्रित झालेला असावा. परळ किंवा दादर येथें रेल्वेच्या रुळांलगतच्या घरांत असा कंप फळींतूनही शिरूं शकतो; तेथें यंत्र जड व स्थिर पाटावर ठेवावें.

दुसरें, यंत्राच्या धातूच्या भागास हात लावून पाहावा. आवाज बदलला, तर अर्थिंगची तार तपासावी. कित्येक यंत्रांस एक बारीक सुटी तार असते. ती ॲम्प्लिफायरच्या मागील स्क्रूला घट्ट बसवावी. बहुतेकांचा दोष एवढ्यानेंच जातो.

तिसरें, लॅपटॉपचा चार्जर काढून तो केवळ बॅटरीवर चालवावा. आवाज थांबला, तर अर्थिंगला दोन वाटा मिळून त्यांचें वर्तुळ झालें आहे, किंवा चार्जरच दोषी आहे. ॲम्प्लिफायर व संगणक या दोहोंचे प्लग एकाच बोर्डावर लावावे, किंवा गाणें उतरवितांना बॅटरीच वापरावी. मात्र आवाज घालविण्यासाठीं तीन पिनांच्या प्लगाची अर्थिंगची पिन कोणीही काढूं नये. ती जिवाच्या रक्षणासाठीं असते. जुन्या चाळीच्या बिऱ्हाडांत अर्थिंग आहे कीं नाहीं, हें जाणत्या वायरमनकडून आधीं तपासून घ्यावें.

चौथें, आवाज एकाच बाजूनें येत असेल, तर ॲम्प्लिफायरकडील तांबड्या-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करावी. आवाज दुसऱ्या बाजूस गेला, तर दोष सुईकडील तारांत. जागेवरच राहिला, तर ॲम्प्लिफायरमध्यें किंवा त्यापुढें. तसेंच यंत्रापासून ॲम्प्लिफायर दोन-तीन हात दूर सरकवून पाहावा. त्यांतील ट्रान्सफॉर्मरचें चुंबकत्व सुईपर्यंत पोहोंचतें.

संगणकावर ऑडासिटीसारख्या मोफत साधनानें आवाजाचा आलेख काढतां येतो. ५० वर उंच टोंक दिसलें, तर चुंबकत्व किंवा अर्थिंग यांचा संशय घ्यावा. १०० वर दिसलें, तर जुन्या ॲम्प्लिफायरमधील वीज शुद्ध करणारे कंडेन्सर निकामी झाले असण्याचा संभव अधिक. तें काम मात्र कारागिराचें आहे. आंत हात घालूं नये.

कोणी म्हणेल, "एवढी यातायात कशाला? संगणकाकडून ५० आणि १०० चे स्वर मागाहून पुसून टाकूं." ही घाई तंबोऱ्याच्या जिवावर बेतते. काळी एकमध्यें गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची पंचमाची तार सुमारें १०४ आंदोलनांची असते. विजेचा १०० चा सूर तिच्यापासून अर्ध्या स्वराच्याही आंत येतो. म्हणूनच तो इतका बेसूर वाटतो, आणि म्हणूनच त्यास पुसूं जातां पंचमही झिजतो. संगणकाची शुद्धि अगदीं अखेरचा उपाय म्हणून, व अल्प प्रमाणांतच करावी.

तिच्यासाठींही एक तयारी हवी. सुई टेकविण्यापूर्वीं दहा सेकंद नुसती शांतता मुद्रित करावी, म्हणजे शिल्लक आवाजाचा नमुना हातीं राहतो. मूळ मुद्रण जसेंच्या तसें वेगळें जपावें व शुद्धीचे प्रयोग त्याच्या प्रतीवर करावे. त्यासोबत तबकडीचा क्रमांक, गायकाचें नांव व तारीख लिहून ठेवावी. आणि उतरविलेलें गाणें घरच्या वडीलधाऱ्यांनीं ऐकून पसंत केल्याखेरीज मूळ तबकडी कोणास देऊं नये.