भूल देणारे डॉक्टर : आपल्या मुलामुलींसाठी एक दुर्लक्षित वाट

ऑपरेशन सुखरूप झाले की घरचे लोक सर्जनला हात जोडतात. सिझर झाले की बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना पेढे जातात. पण त्याच खोलीत पेशंटच्या उशाशी उभे राहून त्याचा श्वास सांभाळणारे आणखी एक डॉक्टर असतात. त्यांचे नाव घरी परतल्यावर कुणाला आठवत नाही. हे भूलतज्ज्ञ. बारावी सायन्सला असलेल्या आपल्या मुलामुलींना विचारा, दहाजणांना सर्जन व्हायचे असते. भूलतज्ज्ञ व्हायचे म्हणणारा एखादाच सापडेल. कारण तो डॉक्टर त्यांनी पाहिलेलाच नसतो.

भूल म्हणजे एक सुई टोचून बाजूला होणे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. पूर्ण भूल देताना अनेकदा स्नायू सैल करणारे औषध देतात. त्याने पेशंटचा स्वतःचा श्वास थांबतो. मग श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागतो. ऑपरेशन चालू असेपर्यंत नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन यांवर नजर ठेवायची, रक्तस्राव झाला तर सलाईन-रक्ताचा हिशेब ठेवायचा आणि शेवटी पेशंटला सुखरूप जागे करायचे, ही सारी जबाबदारी त्यांची. सिझरला बहुतेक वेळा कमरेच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. आई जागी असते आणि बाळाचे पहिले रडणे ऐकते. कोविडमध्ये घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर भूलतज्ज्ञ कितीतरी वर्षे वापरत होते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांशेजारी त्या काळात जे डॉक्टर रात्रंदिवस उभे होते, त्यांतही पुष्कळजण याच शाखेचे.

ऑपरेशनआधी हे डॉक्टर तपासायला येतात तेव्हा त्यांच्यापासून काही लपवू नका. तंबाखू, मिश्री, बिडी, दारू, दमा, चालू असलेली गोळी, आधीच्या ऑपरेशनात झालेला त्रास, सगळे सांगा. सासूबाई समोर आहेत म्हणून मिश्रीचे बोलायला संकोच वाटत असेल तर त्यांना बाहेर थांबायला सांगा. उपाशी राहायला सांगितले तर चहा-बिस्किटसुद्धा नको. पोटातले अन्न उलटून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

आता खरी अडचण. सर्जन असला, खाट असली, तरी भूलतज्ज्ञ नसेल तर सिझर होत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून अडलेल्या बाईला रात्री जिल्ह्याला पाठवतात, त्यामागे अनेकदा हेच एक कारण असते. ही उणीव इतकी जुनी आहे की सरकारने साध्या एमबीबीएस डॉक्टरांना 18 आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन तातडीच्या बाळंतपणापुरती भूल द्यायला शिकवण्याची योजना काढली. बाहेरगावी पाठवल्यावर गाडीभाडे, उधारी आणि वाया गेलेला वेळ कुणाच्या वाट्याला येतो, हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको.

आणि एक व्यवहाराची बाजू, जी फारसे कुणी बोलत नाही. ज्याच्या घरात आधी कुणी डॉक्टर नाही, त्याला सर्जन होऊन स्वतःचे हॉस्पिटल काढायचे तर जागा, यंत्रे, कर्ज आणि ओळखी लागतात. भूलतज्ज्ञाला हॉस्पिटल बांधावे लागत नाही. सरकारी नोकरी करता येते, मोठ्या हॉस्पिटलात राहता येते, नाहीतर आपली बॅग घेऊन शहरातल्या चार हॉस्पिटलांत बोलावतील तिथे जाता येते. वडिलोपार्जित दवाखाना नसलेल्या मुलाला ही शाखा जवळची आहे, असे माझे मत आहे. तोटेही सांगतो. रात्री दोनला फोन येतो. चूक सुधारायला मिनिटेच हातात असतात. आणि बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञाला काम सर्जन देतो, त्यामुळे त्याच्या मर्जीचाही प्रश्न येतो.

मुलींनी तर एक नाव लक्षात ठेवावे. अमेरिकेतल्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांना सर्जन व्हायचे होते. बाईला त्यात पुढे जाता येणार नाही असे सांगून त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवले. 1952 मध्ये त्यांनीच नवजात बाळाची तपासणी करण्याची गुणपद्धत तयार केली: रंग, नाडी, हालचाल, श्वास, प्रतिसाद, मिळून दहा गुण. आज आपल्याकडेही बाळंतपणाच्या केसपेपरवर 'अपगार' असे लिहिलेले असते, ते त्यांचेच आडनाव.

वाट लांब आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी; मग नीट; साडेचार वर्षे एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप; मग पुन्हा नीट-पीजी आणि तीन वर्षे एमडी. म्हणजे एकही वर्ष वाया गेले नाही तरी साधारण सत्ताविशी उजाडते. मात्र इंटर्नशिप आणि एमडीच्या वर्षांत विद्यावेतन मिळते, घरावर सारा भार राहत नाही.

खर्चाइतकीच अडचण कागदांची होते. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जातींना, बौद्धांसह, 13 टक्के आणि अखिल भारतीय कोट्यात 15 टक्के जागा आहेत. पण जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वडिलांकडच्या नात्यातले जुने शाळेचे दाखले गोळा करावे लागतात आणि गावची शाळा बंद पडली असेल तर त्यातच महिने जातात. म्हणून अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा, निकालाची वाट पाहू नका. केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा असतो, तोही काढून ठेवा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, जास्त असेल तर फ्रीशिपसाठी चौकशी करा. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर भरतात.

नीटमध्ये गुण कमी पडले तरी या कामाचे दार पूर्ण बंद होत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी अभ्यासक्रमात भूल तंत्रज्ञ ही शाखा आहे. हा तंत्रज्ञ स्वतः भूल देत नाही. यंत्र तपासून ठेवणे, नळ्या-औषधे तयार ठेवणे, भूलतज्ज्ञाला हात देणे हे त्याचे काम. प्रवेशाची माहिती जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात विचारावी.