शेवभाजीतले न मोजलेले मीठ

जळगाव किंवा धुळ्यातील ढाब्यावर शेवभाजी मागवली, की तिखट किती हवे हा प्रश्न हमखास विचारला जातो. मीठ किती हवे, असे मात्र कोणी विचारत नाही आणि ग्राहकही सांगत नाही. मिठाची आठवण होते ती भाजी अळणी किंवा खारट लागल्यावरच.

वास्तविक या एका ताटात मीठ अनेक वाटांनी येते. रश्श्यात ते असतेच, शेवेच्या बेसनातही आधीच मळलेले असते. पापडात मीठ आणि वर पापडखार, म्हणजे पुन्हा सोडियमच. लोणचे आणि तळलेल्या मिरचीवर भुरभुरलेले मीठ निराळे. भरितासोबत कळण्याची भाकरी घेतली, तर तिच्या पिठातही मीठ आहे. यातला एकही पदार्थ सुटा खाल्ला तर फार खारट वाटत नाही, बेरीज मात्र मोठी होते. एक टक्का मीठ असलेला रस्सा जिभेला बेताचाच लागतो, पण अशी २५० ग्रॅम भाजी खाल्ली की अडीच ग्रॅम मीठ पोटात गेलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतीयांचे सरासरी सेवन ८ ग्रॅम आढळले होते. जादा सोडियमने रक्तदाब वाढतो आणि तो बहुधा काहीही न दुखता वाढतो, हीच खरी अडचण आहे.

खानदेशचा उन्हाळा कडक, घाम जातो, तेव्हा मीठ हवेच, असे समर्थन केले जाते. भर उन्हात शेतात राबणाऱ्याच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पंख्याखाली बसून काम करणाऱ्याने ही सबब सांगू नये.

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना २०२२ पासून मेन्यूवर उष्मांक छापावे लागतात. गावोगावचे ढाबे त्यात येत नाहीत. सूप आणि किमचीवर वाढलेल्या दक्षिण कोरियाने मात्र २०१२ मध्ये सोडियम घटवण्याची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली आणि उपाहारगृहांनाही तीत सामील करून घेतले.

आपल्याकडे रस्सा बहुधा आधीच शिजवून ठेवलेला असतो, त्यामुळे ‘मीठ कमी’ सांगून फारसा उपयोग होत नाही. शेव मात्र अगदी शेवटी पडते, ती कमी घालायला सांगता येते. थोडा रस्सा वाटीत ठेवता येतो, कांद्यावर मिठाऐवजी नुसते लिंबू पिळता येते. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. तोवर घरची भाजीही थोडी अळणी लागेल.