अनसिंगला समुद्र: हजार लिटरांचा हिशेब

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या अनसिंगसारख्या गावी सागरी मत्स्यालय उभारू इच्छिणाऱ्या हौशी मंडळींनी प्रथम हे ध्यानात घ्यावे, की हजार लिटरांच्या टाकीत केवळ पाण्याचेच वजन टनाहून अधिक भरते; सबब ती तळमजल्याच्या पक्क्या फरशीवर, लोखंडी चौकटीवरच बसवावी. बोअरचे जड पाणी आर.ओ.तून गाळून त्यात दर लिटरास सुमारे 35 ग्रॅम सागरी मीठ मिसळावे. पाणी आटले तरी मीठ मागेच उरत असल्याने रोजची तूट मात्र गोड्या पाण्याने भरावी. अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू रुजेपर्यंत, म्हणजे महिना-दीड महिना, मासे सोडू नयेत. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पाणी 26 अंशांवर राखण्यास चिलर अपरिहार्य. कठीण प्रवाळांस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने रचना कृत्रिम खडकांचीच करावी.