मूळव्याध : लेसर शस्त्रक्रियेनंतरची गृहशुश्रूषा

गुदनालाच्या श्लेष्मकलेखाली (बुळबुळीत अस्तराखाली) रक्तवाहिन्या, स्नायुतंतू व संयोजी ऊतक (जोडणारे पेशीसमूह) यांच्या मऊ गाद्या निसर्गतःच असतात. त्यांपैकी तीन प्रमुख असून मल व वायू रोखून धरण्यास त्यांचे साहाय्य होते. या गाद्या फुगून खाली घसरू लागल्या व त्यांतून रक्तस्राव होऊ लागला म्हणजे त्या विकारास मूळव्याध वा अर्श म्हणतात. सुश्रुतांनी त्यावर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. आधुनिक काळात १९३७ मध्ये लंडनमधील मिलिगन व मॉर्गन यांनी वर्णिलेली कोंब कापून काढण्याची शस्त्रक्रिया दीर्घकाळ प्रमाणभूत मानली गेली. ती परिणामकारक असली, तरी तिच्यानंतरच्या वेदना तीव्र असतात.

पहिला लेसर १९६० मध्ये तयार झाला. मूळव्याधीसाठी आता प्रामुख्याने अर्धसंवाहक लेसर वापरतात. १,४७० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण बारीक प्रकाशतंतूवाटे कोंबाच्या आत सोडले जातात. ऊतकातील पाणी ते शोषून घेते, उष्णता निर्माण होते आणि आतील रक्तवाहिन्या आकसून बंद होतात. ही पद्धती मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेतील आंतरिक मूळव्याधीस योग्य ठरते. बाहेर मोठी जखम नसल्यामुळे रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. मात्र जखम दिसत नाही म्हणून ती नाहीच, असे समजणे चूक होय. भाजलेले ऊतक आतल्या आत आकसून तेथे तंतुमय ऊतक तयार होण्यास काही आठवडे लागतात. या काळातील बराचसा भार रुग्णावर व घरच्या माणसांवर असतो.

वेदना : गुदनालातील दंतुर रेषेच्या वरील भागास वेदनेची जाणीव फारशी नसते, खालील त्वचा मात्र अतिशय संवेदनशील असते. त्यामुळे वेदना बहुधा मध्यम असून पहिल्या काही दिवसांत ओसरते. पॅरासिटामॉलसारखी वेदनाशामके ठरलेल्या वेळी घेणे हे दुखणे असह्य होण्याची वाट पाहण्यापेक्षा हितकर असते. अफूजन्य वेदनाशामकांनी मलावरोध होतो, म्हणून ती शक्यतो टाळतात. सु. ४०° से. तापमानाच्या कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीन वेळा व शौचानंतर १०–१५ मिनिटे बसल्यास (कटिस्नान) परिसंकोची स्नायू (द्वार आवळून धरणारा स्नायू) सैल पडून आराम वाटतो. पाण्यात औषधी द्रव्ये घालण्याची आवश्यकता नसते. नंतर भाग न चोळता मऊ कापडाने टिपून कोरडा करावा.

मलोत्सर्ग : घरी आलेल्या रुग्णाची सर्वांत मोठी अडचण बहुधा भीती ही असते. दुखेल म्हणून तो शौचाची भावना दाबतो. मल गुदाशयात साचून राहिल्याने त्यातील पाणी शोषले जाऊन तो कठीण होतो. कठीण मलाने वेदना वाढते आणि वेदनेने भीती दुणावते. हे दुष्टचक्र पहिल्या दिवसापासून तोडावे लागते. काही रुग्ण मल होऊ नये म्हणून जेवणच कमी करतात. त्याने मल अधिकच कठीण होतो. आहारात दररोज २५–३० ग्रॅ. तंतुमय पदार्थ असावेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, सालीची मूगडाळ, पपई, पेरू, अंजीर यांतून ते मिळतात. इसबगोल घेतल्यास त्याबरोबर पुरेसे पाणी पिणे अत्यावश्यक आहे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार नसल्यास दिवसाला २ ते २·५ लि. द्रव पदार्थ घ्यावेत. मल मऊ करणारी औषधे वैद्याच्या सल्ल्याने घ्यावीत. तीव्र रेचके टाळावीत. शौचास कुंथू नये व पाच मिनिटांहून अधिक वेळ बसू नये. खुर्चीसारख्या शौचकूपावर बसताना पायांखाली पाट ठेवल्यास गुदाशय व गुदनाल यांमधील कोन सरळ होऊन मल सुलभतेने बाहेर पडतो.

हालचाल : पहिल्या दिवसापासून घरात थोडे चालावे. बैठे काम काही दिवसांत सुरू करता येते. जड वजन उचलणे, व्यायामशाळेतील कसरती व दुचाकीचा लांबचा प्रवास दोन-तीन आठवडे टाळावा.

धोक्याची लक्षणे : शौचाच्या वेळी थोडे रक्त दिसणे, किंचित स्राव येणे व सूज असणे पहिले एक-दोन आठवडे अपेक्षितच असते. शस्त्रक्रियेनंतर सु. आठवड्याने किंवा त्यानंतरच्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. तो अल्प असून आपोआप थांबल्यास चिंतेचे कारण नसते. परंतु रक्ताची धार लागणे, गुठळ्या पडणे किंवा चक्कर येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयात जावे. कमी होत गेलेली वेदना पुन्हा वाढणे, ताप व लघवी अडणे ही तीन लक्षणे एकत्र आढळल्यास श्रोणीभागातील (कटिरातील) गंभीर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते. हा उपद्रव विरळ असला, तरी जिवावर बेततो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती स्वतःहून बंद वा सुरू करू नयेत.

लेसरमुळे कोंब आकसतो. तो निर्माण करणारी मलावरोधाची सवय जात नाही. ती टिकल्यास विकार पुन्हा उद्भवू शकतो. तसेच गुदद्वारातून जाणारे प्रत्येक रक्त मूळव्याधीचेच असते असे नाही. विशेषतः उतारवयात बृहदांत्राच्या कर्करोगाचेही ते लक्षण असू शकते. म्हणून नंतर रक्त पुन्हा दिसल्यास संकोचापोटी ते लपवून न ठेवता तपासणी करून घेणे आवश्यक असते.